सावलीतलं पांढरं

जहरा, कुवेत
९ जानेवारी १९९४

चंद्रहास,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. "दाजी, बाकी काही नको. ताईला खरं सांगा." पोस्टाला सतरा दिवस लागले. अक्षर वाकडं आहे, 'खरं'मधला र ओळीखाली घसरलाय. डाव्या हाताने लिहिलेलं असणार. रोज एक पान गिरवलंस तर वर्षभरात सुधारेल.

तुझ्या ताईला जे सांगायचं ते मी सांगितलेलं आहे. तरी क्रमाने पुन्हा लिहितो, कारण क्रम हा तुम्हा डिप्लोमावाल्यांचा कच्चा विषय. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही. फ्रेम, कॅनव्हास, वॉर्निश, सगळं बघून, वाचून आणि हात कापून घेऊन शिकलो. म्हणून मला क्रम लागतो.

लढाई संपल्यावर नूरीसाहेबांच्या दस्मानच्या घरातून सात चित्रं अम्गराला आपल्या शेडमध्ये आली. त्या घरात इराकी सैनिक सात महिने राहिले होते. फ्रेमा त्यांनी चुलीत घातल्या. सहा चित्रांवर संगिनीने फुल्या मारल्या. सातव्यावर नेमबाजी केली. ते आपलं इंग्लंडचं चित्र, तीस बाय पन्नास इंच, हिवाळ्यातलं शेत. दोन गायी, लाकडी फाटक, डावीकडून आलेला खालचा सूर्य, झुडपांचं कुंपण आणि त्या कुंपणाची लांबलचक सावली. एका गायीच्या पोटात गोळीचं भोक. वर तेलविहिरींच्या आगीची काजळी इतकी की गाय कुठली नि ढेकूळ कुठलं कळत नव्हतं. ती काजळी मी काढली. एकोणीस दिवस, कापसाचे बोळे आणि स्वतःची थुंकी. गायीचं पोट तू रंगवलंस आणि चांगलं रंगवलंस, ते मी कुठे नाकारतो?

काजळी निघाली तेव्हा कुंपणाच्या सावलीत पांढरं दिसलं. नेमकं सावलीतच. उन्हात तपकिरी माती आणि सावलीत पांढरा पट्टा. आता तूच सांग, उजेडाने वस्तू पांढरी दिसते आणि सावलीने काळी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग सावलीत पांढरं कोण रंगवेल? ते चित्रकाराचं नव्हे, नंतर चढलेलं, असा मी निष्कर्ष काढला. माझं लहानपण पेणच्या मिठागरात गेलंय. लोणा, ओलीतून फुटणारं मीठ, मला ओळखता येतो. समुद्रावरचं घर, फुटलेल्या खिडक्या, दमट भिंतीला टेकलेलं चित्र. मी कडेला जीभ लावून पाहिली. खारट लागलं.

तू म्हणालास, "दाजी, पुसू नका. हे दहिवर आहे, गोठलेलं दव."

"दहिवर काय सावली बघून पडतं?"

"पडतं सगळीकडे. उन्हात विरघळतं, सावलीत राहतं. जानेवारीत निफाडला या, द्राक्षाच्या बागेत दाखवतो."

"चित्र इंग्लंडचं आहे. निफाडचं नाही."

तू हसलास. आपला सुतार शत्रुघ्न, त्याला मराठी ओ की ठो कळत नाही, तोही हसला. मग तू म्हणालास, "दाजी, मिठागरातून बाहेर या आता."

शत्रुघ्न चहाला गेला. पुढे झटापट झाली. तू माउंट कापायचा कटर घेऊन अंगावर आलास. माझ्या डाव्या हातावर चार इंचाचा काप आहे, सात टाके. बचावासाठी मी फ्रेमचे सांधे ठोकायची मोगरी चालवली. एकदा. ती तुझ्या उजव्या हातावर बसली. पोलिसांच्या कागदावर हेच आहे आणि प्रेमाला हेच माहीत आहे. चित्र कोणी बिघडवलं असं नूरीसाहेबांनी विचारलं तेव्हा तुझं नाव सांगावं लागलं. तू तसाही परत जाणारच होतास. चाळीस दिवस आत काढलेस त्याचं वाईट वाटतं.

प्रेमा तुझं नाव काढत नाही. तिने ते काढावं असं मी म्हणणार नाही.

जगन्नाथ

*

जहरा
३ डिसेंबर १९९७

चंद्रहास,

आई गेल्याचं कळलं. तुझ्या पत्रात त्याच्या दोन ओळी आणि खाली पुन्हा तीच ओळ. "ताईला खरं सांगा." अक्षर सुधारलंय.

प्रेमाला पत्र दाखवलं नाही, पहिल्या दोन ओळी फक्त वाचून दाखवल्या. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला रजा मिळायची नाही." हॉस्पिटलात तिच्या खात्यात बेचाळीस दिवसांची रजा पडून आहे, हे मला माहीत आहे आणि तिलाही. मग तिने निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. रात्री जेवताना मी म्हणालो, "जाऊन ये, मी तिकिटाचं बघतो." तर म्हणाली, "तिथे कोणत्या तोंडाने जाऊ?" भावाने असं केल्यावर बहिणीला तोंड राहत नाही, असा मी अर्थ घेतला.

आता दुसरं. गेल्या महिन्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. इंग्लंडच्या निसर्गचित्रांचं. पान एकशे बारावर एक शेत आहे. आपलं नव्हे, पण सख्खं भावंड म्हणावं असं. तसाच खालचा सूर्य, तसंच कुंपण. उन्हात ओली तपकिरी माती आणि सावलीत, फक्त सावलीत, पांढरं. खाली तीन परिच्छेद आहेत. चित्रकार आधी ऊबदार तपकिरी थर द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा आणि मग जवळजवळ कोरड्या ब्रशने निळसर पांढरा वरून ओढायचा. सूर्य जिथे पोचला नाही तेवढंच दहिवर शिल्लक राहतं, आणि हिवाळ्याचा उजेड दाखवायची तीच खूण. चार वेळा वाचलं. मग पुस्तक भिंतीवर फेकलं. त्याची बांधणी तुटली. दुसऱ्या दिवशी मी ती सरसाने चिकटवली.

म्हणजे तुझं बरोबर होतं. हे मी लिहून देतो, कारण मापात मी खोटं करत नाही. आणि लिहायलाच बसलोय तर आणखी दोन गोष्टी दुरुस्त करतो. जीभ लावली तेव्हा खारट लागलं नव्हतं. वॉर्निशची कडवट चव लागली होती. तरीही मी खारट म्हणालो, कारण शत्रुघ्न बघत होता. आणि फटके दोन होते.

दोन का, तेही सांगतो. मी बोळा स्पिरिटमध्ये बुडवला होता, दोन तृतीयांश पट्टा पुसून झाला होता. तू उरलेल्या पांढऱ्यावर उजवा तळवा ठेवलास आणि म्हणालास, "एवढं तरी राहू द्या, दाजी. तुमच्या पाया पडतो." पाया पडतो म्हणालास, पण हात काढला नाहीस. माझ्या शेडमध्ये, माझ्या टेबलावर. पहिला फटका तू हात काढावास म्हणून होता. तू काढला नाहीस. कटर तेव्हा टेबलावर होता, तुझ्या हातात नव्हता, एवढं मान्य.

उरलेलंही मग मी पुसलं. नूरीसाहेबांच्या दिवाणखान्यात ते चित्र आता लागलेलं आहे. पाहुणे म्हणतात, काय छान वसंत ऋतू आहे. मी तीनदा जाऊन बघून आलो. पांढरं गेल्यावर उन्हाचाही जीव गेलाय. सूर्य आहे, पण कशाला तापवतोय ते कळत नाही. गायींच्या तोंडची वाफ आता धुळीसारखी दिसते.

मी ते परत रंगवून द्यायचं ठरवलंय. फळ्यांवर तेरा वेळा करून पाहिलं. तेराही वेळा चुना फासल्यासारखं झालं. लेड व्हाइटमध्ये निळा किती आणि ब्रश किती कोरडा, ते मला लिहून पाठव. तुला हे जमत होतं, गायीच्या पोटावर तू तसाच ब्रश ओढला होतास.

प्रेमाला सांगण्याबद्दल म्हणशील तर ती आता कुठे सावरली आहे. तिला पुन्हा कशाला ढवळायचं?

जगन्नाथ

*

जहरा
२० जानेवारी २००८

चंद्रहास,

तू उत्तर दिलं नाहीस. दहा वर्षांत काहीच नाही. तुझी ती ओळही यायची थांबली. द्राक्षाच्या व्यापाऱ्यांचे बोर्ड तू डाव्या हाताने रंगवतोस, असं निफाडच्या एका नर्सकडून प्रेमाच्या कानावर आलं. मला तिने ते पाठ करून आल्यासारखं सांगितलं आणि आत निघून गेली.

यंदा इथे थंडीने कहर केलाय. नूरीसाहेबांचा वाळवंटात तंबू असतो, जहराच्या पुढे साल्मीच्या रस्त्याला. त्यांच्या वडिलांच्या फोटोची फ्रेम द्यायला मी काल सकाळी तिथे गेलो. सव्वासात वाजता पोचलो. गाडीतून उतरलो आणि पाण्याच्या टँकरच्या बाजूला पाहिलं.

टँकरची सावली वाळूवर पसरली होती, अंदाजे वीस फूट. ती सावली पांढरी होती. कडेपर्यंत. कडेच्या पलीकडे, जिथे ऊन पोचलं होतं, तिथे वाळू ओली, तपकिरी. सूर्य वर चढत होता तसा पांढऱ्याचा काठ मागे सरत होता, माझ्या डोळ्यांदेखत. आणि ते नुसतं पांढरं नव्हतं. आत निळं होतं, आणि काठाला, ऊन आणि सावली भिडतात तिथे, बोटभर गुलाबी. पुस्तकात गुलाबी छापलेलं नव्हतं. मी गुडघ्यावर बसलो आणि जीभ लावली. कसलीच चव नाही, नुसता चटका.

मग मी उजवा तळवा त्यावर ठेवला. मला बघायचं होतं किती वेळ राहवतं. अकरा सेकंद. आणि तसाच बसून मी हिशेब करायला लागलो, की तू किती वेळ ठेवला होतास.

नूरीसाहेब काठी टेकत आले. ऐंशीचे झालेत. म्हातारे कुवेती लोक कधीकाळी मुंबईला व्यापाराला जायचे, त्यातले हे. हिंदी अजून तशीच भेंडीबाजारातली.

"जगन, क्या ढूँढता है रे? अंगूठी गिरा क्या?"

"नहीं साहब. ये देख रहा हूँ."

"पाला है, जमा हुआ ओस. मैं लंदन में पढ़ता था तब रोज़ देखता था. इसके वास्ते ही तो वो तस्वीर लिया था. तेरे साले ने सब साफ कर दिया." आणि हसले. "उस गधे ने."

मी म्हणालो, "साहब, उसने नहीं किया. मैंने किया."

त्यांना आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, या वेळी सगळं. क्रमाने. ते तुलाही लिहितो, कारण हे तू पाहिलेलं नाहीस, तू तेव्हा जमिनीवर पडला होतास.

मी तुझं रक्त चित्रावरून पुसलं. थुंकीनेच, रक्ताला थुंकीसारखं दुसरं काही नाही. तू विव्हळत होतास आणि मी बोळे बदलत होतो. नऊ बोळे लागले. मग उरलेलं पांढरं काढलं. मग बाहेरून शत्रुघ्नचा आवाज आला आणि माझ्या ध्यानात आलं, की आता कोणीतरी विचारणार. मी कटर उचलला आणि स्वतःच्या डाव्या हातावर ओढला. तू डोळे उघडून बघत होतास की नाही, मला माहीत नाही. चार इंच. मग ओरडलो. शत्रुघ्न आला तेव्हा दोघांच्याही अंगावर रक्त होतं आणि तू बेशुद्ध होतास, म्हणून माझंच म्हणणं खरं ठरलं.

नूरीसाहेबांनी काठी टँकरला टेकवून ठेवली आणि माझ्या मुस्कटात मारली. म्हाताऱ्या हाताची, पण कानात शिट्टी वाजली. मी हललो नाही म्हणून दुसरी मारली. त्यांचा ड्रायव्हर धावत आला, त्यालाही ढकलून दिलं. म्हणाले, "पंद्रह साल मेरे घर में खाना खाया तू ने." मग ते काठी शोधायला लागले, मी त्यांना धरून तंबूत नेलं. त्यांनी नेऊ दिलं. केस मागे घ्यायला उद्या स्वतः जातो म्हणाले. बोटांचे ठसे घेऊन तुला हद्दपार करताना घातलेली प्रवेशबंदी उठेल की नाही, ते त्यांनाही माहीत नाही.

तू मागितलं होतंस ते हे नव्हे, हे मला कळतं. तू एकच गोष्ट मागितली होतीस. प्रेमाची आज रात्रपाळी आहे. मंगळवारी सुट्टी. मंगळवारी सांगतो.

जगन्नाथ

*

जहरा
२४ जानेवारी २००८

चंद्रहास,

अक्षर माझं आहे. मजकूर तुझ्या ताईचा आहे. ती टेबलासमोर उभी आहे आणि मी खुर्चीवर बसलो आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ती मंगळवारपासून मला पहिल्यांदा अरे-तुरे करते आहे.

मंगळवारी ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मी वीस मिनिटं बोललो. तिने हात थांबवला नाही. माझं झाल्यावर इस्त्री उभी करून ठेवली, माझा डावा हात ओढला, बाही वर केली आणि त्या जुन्या व्रणावर बोट ठेवलं. "या मोठ्या कापाशेजारी दोन बारीक ओरखडे आहेत. दिसतात?"

"दिसतात."

"स्वतःला कापणारा माणूस आधी दोनदा कचरतो. कॅज्युअल्टीत मी असे हात कितीतरी बघितलेत. टाके डॉक्टरने घातले, ड्रेसिंग मी केलं. पहिल्याच दिवशी."

मी म्हणालो, "मग बोलली का नाहीस?"

तिने इस्त्री उचलली. माझ्या हातावर ठेवली. व्रणावरच. किती वेळ, ते मी मोजू शकलो नाही. ती म्हणाली, "हेही लिही." म्हणून लिहितो. फोड आला आहे, तीन इंच बाय दीड. नंतर मलम तिनेच लावलं.

आज तिने मला कागद दिला. म्हणाली, "तपशिलाचा माणूस ना तू? मग लिही. फटके किती?"

मी म्हणालो, "दोन. त्याला कळवलंय."

"चंदू तीन दिवस आमच्याच हॉस्पिटलात होता. बाहेर पोलीस. मी वॉर्डात गेले नाही, पण एक्स-रे मागवून बघितला. मीही मोजलेत. किती?"

तीन, चंद्रहास.

"तिसरा कसा?"

दुसऱ्यानंतर तू हात काढला होतास. छातीशी धरून खाली बसला होतास. पांढरं मोकळं झालं होतं, मला पुसायला काही अडचण नव्हती. मी तुझं मनगट धरून हात छातीवरून ओढला, टेबलावर ठेवला आणि मारला. चित्रावर ठेवला नाही. शेजारच्या फळीवर ठेवला, कॅनव्हासला धक्का लागू नये म्हणून.

 ती खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि परत आली. म्हणाली, "का?"

तू हसला होतास म्हणून. दुसरं कारण मी पंधरा वर्षं शोधतो आहे, ते नाही. आणि मी तुझ्या ताईच्या व्हिसावर इथे आलेला माणूस होतो, तुला कामाला मी लावलं होतं, ती एकच जागा होती जिथे मी वरचा होतो.

"आता माझं लिही," म्हणाली. मी लिहायला घेतलं तर पेन माझ्या हातातून काढून घेतलं. पुढचं अक्षर तिचं आहे.

चंदू,

वरचं सगळं मी उभं राहून लिहून घेतलंय. एकही आकडा त्याने गाळलेला नाही. फोनवर सांगितलं असतं, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास आणि ते बरोबरच झालं असतं.

तू त्याला लिहीत राहिलास, ताईला खरं सांगा. तुझी दोन्ही पत्रं त्याच्या पुस्तकात एकशे बारा पानावर होती, मी कधीच वाचली होती. ताईला खरं माहीत होतं. एक आत गेला होता, दुसराही गेला असता तर या देशात मी एकटी राहिले असते, याची मला भीती वाटली. मी नवरा ठेवला आणि भाऊ दिला. आई गेली तेव्हा आले नाही, कारण तू समोर उभा राहिला असतास.

मी एक मार्चला निघतेय, दोनला दुपारपर्यंत निफाडला पोचेन. इथली नोकरी सोडली आहे. राहायला जागा मागतेय असं नाही, मी नाशकात खोली बघितली आहे. दार उघडलंस तर आधी हात दाखव. मी तो नुसता एक्स-रेत बघितलाय.

प्रेमा